हाफप्लेट अण्णा

मला ब्लडप्रेशर नव्हतं. तरी ते आहे असं मी एका माणसाला सांगितलं, आणि हे आजवर कुणापाशी बोललो नाही. तो माणूस म्हणजे आमच्या कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले अण्णा. अंबरनाथमधली आमची अख्खी आनंदनगर वसाहत त्यांना 'हाफप्लेट' म्हणायची.

अण्णा हॉटेलात कधी दोन प्लेट मागवू द्यायचे नाहीत. माणसं दोन, प्लेट एक. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात गेलो तेव्हा स्वतःसाठी वेगळी प्लेट सांगायला लागलो, तर त्यांनी माझा हात खाली केला. "अख्खी प्लेट इथेच खाल्लीस तर पुढच्या दुकानात काय करणार? वास घेणार?" दालपकवान एकीकडे, कमळकाकडीची भजी दुसरीकडे, कढीभात तिसऱ्या गल्लीत, असा त्यांचा रविवार. जीन्सच्या गठ्ठ्यांतून आणि हातगाड्यांतून वाट काढत ते पुढे, मी मागे.

पकवान म्हणजे मैद्याची कडक, पापडासारखी पुरी. अण्णा ती बोटाच्या पेरानं मधोमध ठोकून फोडायचे. तुकडे कधीच सारखे व्हायचे नाहीत. मोठा माझ्याकडे सरकवायचे. "घे. तू अजून वाढतोयस." माझी तेव्हा चाळिशी आली होती.

पूर्वी त्या प्लेटीत दुसरा हात वहिनींचा असायचा. त्या गेल्या आणि अण्णांचा रविवार बंद पडला. मग एकदा कँटीनमध्ये माझ्या डब्यात डोकावून ते म्हणाले, "रविवारी काय करतोस रे?" एवढंच. आठवडाभर घरी ते खिचडी लावायचे. "कुकर दोन शिट्ट्या मारतो," म्हणायचे, "तेवढंच काय ते घरातलं बोलणं." हे हसत म्हणायचे, आणि मीही हसायचो.

पुढे मला बढती मिळाली. अंबरनाथ सोडून बदलापूरला, बेलवलीत फ्लॅट घेतला. तरी रविवारी शेअर रिक्षानं कॅम्प तीन गाठत होतो. अशाच एका रविवारी आमचे प्लँट मॅनेजर सपत्नीक खरेदीला आलेले. आम्ही बाकड्यावर, मध्ये एक प्लेट, दोघांची बोटं डाळीत.

"काय हो," साहेब हसले, "एकाच प्लेटीत? इन्क्रिमेंट कमी पडलं की काय?"

त्यांची बायको तोंडावर रुमाल धरून हसली. मी उठून उभा राहिलो. "नाही सर, हे आमच्या स्टोअरला होते. आत्ताच भेटले वाटेत."

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी बाकड्याची कड हातानं पुसली आणि म्हणाले, "बसा साहेब. गरम आहे." साहेब बसले नाहीत. ते गेल्यावर अण्णांनी उरलेला तुकडा माझ्याकडे सरकवला. मी घड्याळ बघितलं.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला, तेव्हा मी बीपीचं सांगितलं. डॉक्टरनी तळलेलं, खारट, बाहेरचं सगळं बंद केलंय म्हणालो. अण्णा म्हणाले, "अरे बापरे! जप रे बाबा. मिठाचं काय, सवय होते." त्यानंतर दर शनिवारी फोन यायचा. बीपी किती आलं, गोळी घेतोस का. मी आकडे ठोकून द्यायचो. रविवारी एसी हॉटेलात ऑफिसच्या लोकांबरोबर जेवायचो. प्रत्येकासमोर वेगळी प्लेट. हळूहळू मी फोन उचलणं कमी केलं, मग तेही फोन करेनासे झाले.

मध्यंतरी मुलाच्या जीन्ससाठी कॅम्प तीनला गेलो होतो. दालपकवानवाल्यानं लांबूनच ओळखलं. "आओ साईं! कितने टाइम बाद! बैठो, आपकी फीकी दाल देता हूँ."

"कसली फीकी?"

"बीपी है ना आपको? अण्णा बोल के रखे थे. नमक डालने से पहले एक कटोरी अलग निकालने का, मेरा दोस्त कभी भी आएगा. हर संडे निकालता था मैं."

"आणि मी यायचो नाही तेव्हा?"

"तो वो खुद खा लेते थे. अकेले बैठ के. बोलते थे, फेंकने का नहीं." त्यानं कढईतलं पकवान उलटवलं. "अभी बेटी ले गई उनको, नासिक. घुटने गए ना. मैं आज भी निकालता हूँ, आदत हो गई."

त्यानं वाटी पुढे ठेवली. मी ती खाल्ली. मिठाशिवायची डाळ घशाखाली उतरत नाही. अण्णांनी ती किती रविवार उतरवली, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

तिथूनच फोन लावला. आवाज बारीक झालाय, पण पहिला प्रश्न तोच. "बीपी कसं आहे रे?"

मागे बाजाराचा गलका होता. सांगायची हीच वेळ होती.

"बरं आहे, अण्णा," मी म्हणालो. "कंट्रोलमध्ये आहे."

"वा! मग ये एकदा नाशिकला. इथे कुणी वाटून खात नाही."

येतो म्हणालो. अजून गेलेलो नाही. मला बीपी कधीच नव्हतं, अण्णा, मला तुमची लाज वाटली होती, एवढं एक वाक्य त्यांच्यासमोर बसून मी त्यांना देणं लागतो.