उलटे ठिपके

तोफबाई, तुमच्या निरोपाच्या समारंभात प्रत्येकाने तुमच्यावर साखर पेरली. "बाईंनी मुलांवर जीव टाकला," असं हेडसर म्हणाले आणि तुम्ही मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजल्या. छे! ती का खाली गेली, ते कोणीतरी एकदा लिहून ठेवायला हवं. स्वतःची गोष्ट ऐकणं तुम्हाला जड जाईल, म्हणून ही दुसऱ्याच कोणा बाईची आहे असं समजा.

तर, चौथीच्या बाईंचा आवाज असा, की वर्गातले पाढे थेट फाटकाबाहेर ऐकू जात. म्हणून तोफबाई. त्यांच्या वर्गात एका वर्षी एक आंधळी मुलगी आली. आईबाप नाहीत, मामाकडे राहायची. शेजारी बसेल त्याच्या शर्टाची बटणं चाचपायची, म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं बटण. कविता एकदा ऐकली की तोंडपाठ, पण वाचायचं कसं?

मामाने आल्या आल्या सांगून टाकलं. "बाई, अंध मुलांच्या निवासी शाळेची परीक्षा असते म्हणे. त्यात लागली तर भलं. नाही लागली तर दुकानात लसूण सोलायला बसवीन. फुकट किती पोसायचं?"

नेमकं त्याच वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला सरकारी अनुदान आलं, आणि त्यात ब्रेल लिपीचा वर्ग होता. बाई तडक हेडसरांच्या खोलीत.

"सर, माझं नाव घाला."

हेडसरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "नोकरी किती उरली तुमची?"

"चार वर्षं."

"मग नाही बसत. पाच वर्षं तरी सेवा शिल्लक असेल त्याच्यावरच खर्च करायचा, असा नियम आहे."

"अहो, पण आंधळी मुलगी माझ्या वर्गात आहे!"

"ते नियमात विचारलेलं नाही. आणि कोणीच गेलं नाही तर पुढचं अनुदान बंद. खेळाच्या सरांना पाठवतोय. तरणाबांड गडी आहे, पंचवीस वर्षं वापरता येईल."

खेळाचे सर म्हणजे भला माणूस. शिट्टी आणि चेंडू सोडून जगाशी देणंघेणं नाही. ते गेले, मागच्या बाकावर डुलक्या काढून आले, आणि भोकाभोकांची पट्टी, टोच्या आणि अक्षरांचा छापील तक्ता बाईंच्या टेबलावर टाकून मोकळे झाले.

"घ्या बाई, तुमचं लचांड तुम्ही सांभाळा."

"अहो, पण वापरायचं कसं?"

"सोपं आहे. तक्त्यात बघायचं, टोचायचं, कागद उलटा केला की ठिपके वर. हां, ओळ उजवीकडून सुरू करायची."

"आणखी काय सांगितलं?"

"आणखी... जेवण झकास होतं."

बाईंनी ओळ उजवीकडून सुरू केली. अक्षरं मात्र तक्त्यात दिसत होती तशीच टोचली. कागद उलटला की डावीकडचा ठिपका उजवीकडे जातो, म्हणून एकेक अक्षरही आरशातल्यासारखं उलटं टोचावं लागतं. हे वर्गात नक्कीच सांगितलं असणार, पण ते डुलकीत गेलं. वर आलेले ठिपके बाईंनी तक्त्याशी एकदा ताडून पाहिले असते तरी भागलं असतं. नाही पाहिले. टोचताना बरोबर होतं ना, मग झालं!

त्या उलट्या अक्षरांवर मुलीची बोटं अशी पळू लागली की बघत राहावं. मामा एकदा येऊन ऐकून गेला. भाचीने आख्खा धडा घडाघडा वाचला तेव्हा त्याने नाक पुसलं.

"लागेल म्हणता?"

"लागेल? पहिली येईल!" बाई गरजल्या.

परीक्षेला बाईच तिला घेऊन गेल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. छापील कागदावर मुलीने बोट ठेवलं आणि ती थबकली.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"छापखाना चुकला आणि तू बरोबर का?" परीक्षक बाई हसल्या. "बरं, वाच."

मुलीने 'ह'चा 'ज' वाचला, 'र'चा 'ठ' वाचला, आणि बाकीची अक्षरं तिला ओळखताच येईनात. दाराशी नंबराची वाट बघणारी पोरं खिदळली. परीक्षकांनी यादी पाहिली. शाळेत प्रशिक्षित शिक्षक आहे, तरी ही अवस्था! त्यांनी शेरा मारला: शिकण्याची कुवत नाही. पुढची मुलगी आत आली.

बाहेर येऊन बाईंनी प्रश्नपत्रिका आणि स्वतःचा कागद शेजारी धरले, तेव्हा कळलं, त्यांचं एकेक अक्षर आरशातल्यासारखं उलटं होतं.

हेडसरांना त्यांनी सगळं सांगितलं. "सर, पत्र द्या. पोर हुशार आहे, मीच उलटं शिकवलं. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसता येतं."

"तुम्ही शिकवलंत? कागदोपत्री खेळाचे सर शिकवतात. तुम्ही तोंड उघडलंत की अनुदान परत आणि चौकशी सुरू. चौकशी चालू असताना पेन्शन मिळतं का, जरा माहिती काढा. आणि पोरीचं म्हणाल, तर ढ मुलं असतातच की. त्यात कोणाला काही परत करावं लागत नाही."

बाई खोलीतून बाहेर पडल्या.

मुलगी फाटकाशी थांबली होती. बाईंनी तिला जवळ घेऊन हळूच सांगितलं, "चूक माझी होती गं. अक्षरं उलटी होती. सुलटी शिकवीन तुला."

"म्हणजे मी ढ नाही?"

"मुळीच नाही."

"मग मामाला तुम्ही सांगा ना. मी सांगितलं तर मामी म्हणेल, सबबी सांगते."

"रविवारी येते घरी."

रविवारी बाईंनी साडी बदलली, चपला घातल्या. नवऱ्याने विचारलं, "कुठे निघालीस?" "कुठे नाही," म्हणत त्यांनी चपला काढल्या. सोमवारी मुलगी शाळेत आली नाही. पुढेही आली नाही. मामाचं घर चार गल्ल्या पलीकडे आहे. बाईंचं पेन्शन वेळेवर सुरू झालं, आता सगळा वेळच वेळ. मामाला सांगायचं तेवढं राहून गेलं.