कच्चं पीठ, भाजलेलं पीठ

विहीणबाई गेल्या हे दीपकने मला गॅरेजच्या दारातूनच सांगितलं, बूट काढायच्याही आधी. मी विचारलं, "काल काही खाल्लं होतं का त्यांनी?" "आई, हे काय विचारतेस?" म्हणाला. पण मला तेच विचारायचं होतं. शेवटचा महिनाभर त्या बाईच्या पोटात चार घास जावेत एवढ्यासाठीच माझी धडपड चालली होती. आता सहा आठवडे झाले. रडणारे रडून झाले, म्हणून लिहायला बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा लिहिणं साधंच असणार.

माझ्या सुनेचं नाव मीना. नाव आपल्यासारखं, पण माणसं कोरियाची. आम्ही अमेरिकेत अल्फारेटाला राहतो, तिची आई पंचवीस मिनिटांवर एकटी राहायची. चाळीस वर्षं या देशात लोकांच्या पँटी आखूड करून तिने पोरीला दातांची डॉक्टर केलं. लग्नात पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्यापुढे कमरेत वाकली. मला वाटलं पाया पडते आहे, म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवून 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणून टाकलं. ती विधवा होती, शिवाय माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मीनाने दीपकला विचारून मागाहून अर्थ सांगितला तेव्हा ती इतकी हसली की खुर्चीत बसावं लागलं. ती मला 'दीपक ओम्मा' म्हणायची, म्हणजे दीपकची आई. मी तिला विहीणबाईच म्हणत असे. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे भांडण कधी लांबलं नाही.

दर गुरुवारी ती मला तिच्या कोरियन दुकानात न्यायची. तिथे सोयाबीनचं पीठ दोन तऱ्हेचं मिळतं. एक कच्चं, फिकट पिवळं, ते घरी आणून फ्रीजरमध्ये ठेवायचं. दुसरं भाजलेलं, तपकिरी, ते त्यांच्या तांदळाच्या मिठाईला वरून लावतात. कच्च्या पिठाचं ती कोबीचं सूप करायची. त्यांचा तो लांबट कोबी चिरायचा, ओल्या पानांना पीठ चोळायचं आणि सुक्या बारीक मासळीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. मी म्हटलं, ही तर आमची पीठ पेरून केलेली भाजी, फक्त पाण्यात बुडालेली. आणि सवयीने डाव घेऊन ढवळायला गेले. "दीपक ओम्मा, नो टच!" ती एवढ्या जोरात ओरडली की डाव माझ्या हातून पडला. ढवळलं की पीठ पानावरून सुटतं आणि सगळ्याचा चिखल होतो. उतू जाऊ नये म्हणून आच कमी करायची, कच्चा वास जाईपर्यंत थांबायचं, हात लावायचा नाही. आम्ही जन्मभर पिठाला ढवळत आलेल्या बायका. मला ते शिकायला चार गुरुवार लागले.

मग तिचा आजार निघाला. पोटाचा होता, वेळ थोडा होता. ती जेवेना. मीना कामावरून तिच्या घरी जाऊन बाहेरून आणलेले कसले कसले डबे उघडायची आणि तसेच बंद करायची. एक दिवस विहीणबाईंनी ते सूप मागितलं. मीनाला येत नव्हतं. येत होतं मला.

दीपकने मला दुकानाशी सोडलं आणि गाडीत मीटिंग घेत बसला. मी दोन्ही पिठांसमोर उभी राहिले. कोणतं कुठलं हे मला नीट माहीत होतं, पाकिटावरचं वाचायची गरज नव्हती. तरी मी भाजलेलं उचललं. आमच्याकडे आजाऱ्याला कच्चं पीठ कोणी देत नाही. मेतकूट देतात, भाजलेलं, पोटाला हलकं. मला वाटलं, मला त्या बाईपेक्षा जास्त कळतं.

सूप कसलं, तपकिरी लापशी झाली, लाडवाच्या वासाची. विहीणबाईंनी एक चमचा तोंडात घेतला आणि वाटी सारली. "दिस इज नॉट सूप. दिस इज केक."

"भाजलेलं हलकं असतं," मी म्हटलं.

"आय ॲम सिक. नॉट बेबी."

त्या दिवशी तिने दुसरं काही खाल्लं नाही. तिच्याकडे असे किती दिवस उरले होते... आणि त्यातला एक मी माझ्या शहाणपणापायी घालवला. मीनाने वाटी उचलून धुऊन टाकली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कच्चं पीठ आणून सूप केलं, हात मागे बांधून उभी राहिले. अर्धी वाटी खाल्ली तिने. "मोअर सॉल्ट," म्हणाली. पुढे आठवडाभर रोज तेच केलं. मग कोबीही गिळवेना.

भाजलेल्या पिठाचं पाकीट तसंच पडून होतं. मी मऊ भात केला, वर ते पीठ आणि मीठ घातलं, मेतकूट भातासारखं. वाटी नाकाशी नेऊन ती म्हणाली, "माय ओम्मा मेक." लहानपणी तिची आई तिला भातावर हेच पीठ घालून द्यायची. मग म्हणाली, "शुगर."

"भातात साखर? नो."

"शुगर, दीपक ओम्मा."

"नो. सॉल्ट गुड."

"यू सिक ऑर मी सिक?"

घातली साखर. खाल्लं तिने. त्यानंतर शेवटपर्यंत तिच्या पोटात गेलं ते तेवढंच, कधी चार चमचे, कधी दोन. जायच्या आदल्या संध्याकाळी तीन चमचे घेतले होते, हे मला मीनाने त्या दिवसांच्या गडबडीत कधीतरी सांगितलं. मी मान हलवली आणि भांडी घासायला गेले.

पाकिटात थोडं पीठ उरलं होतं. परवा घरात कोणी नव्हतं. मी भातावर ते घातलं, वरून साखर घातली आणि खाऊन पाहिलं. मला नाही आवडलं. पण वाटी संपवली.