दाराआडचं भूत आणि माझा अहवाल

"बाई, पोर रडलं की नाही रडलं? एका शब्दात सांगा," दादा म्हणाले.

"रडलं," मी म्हणाले.

"मग भूत काढा."

नव्वदच्या दशकातल्या एका सकाळी, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात, एका भुताचा निकाल असा लागला. दादा म्हणजे आमचे प्रकाशक. मी त्यांच्याकडे बालविभागाची संपादक. बालविभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. बालमानसशास्त्रावरची दोन-तीन व्याख्यानं ऐकलेली, त्यामुळे पोरांच्या मनातलं आपल्याला पोरांच्याही आधी कळतं अशी खात्री. आज माझी नातवंडं मला दिवसातून चारदा गंडवतात. तेव्हा ती साखळीवाली बाई आठवते आणि मला खुदकन हसू येतं. पुढचं आठवलं की हसू जातं.

भूत रत्नप्रभाबाईंचं होतं. त्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. हे त्यांचं पहिलं पुस्तक. दोन वर्षं, शाळा सुटल्यावर बसून, त्यांनी त्याची डमी केली होती. डमी म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला नमुना. कागद दुमडून, शिवून, प्रत्येक पानावर चित्र काढून. छापलेलं पुस्तक हातात आल्यावर कसं उलगडेल ते त्यावरून कळतं.

गोष्ट साधी. एक मुलगा न्हाणीघराकडे निघतो. आत नळ ठिबकतो, टप टप. बादली सरकते. कुणीतरी शिंकतं. प्रत्येक पानावर मुलगा एक पाऊल पुढे आणि अंधार थोडा जास्त. शेवटच्या पानावर न्हाणीघराचं दार. ते खरंच उघडायचं. कागदाचं छोटं दार, एका बाजूने चिकटवलेलं. उघडलं की आत पालथ्या बादलीवर बसलेलं, ओलंचिंब, इवलंसं भूत. दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकलेलं. आणि खाली लिहिलेलं, "दार लाव की! मला माणसांची भीती वाटते."

मी त्यांना विचारलं होतं, "भुताचंच का सुचलं?"

"आमच्या घरात बुद्धाची तसबीर. वडील भूतबित काही मानायचे नाहीत, आम्हालाही मानू द्यायचे नाहीत. भूत नसतं हे मला पाचव्या वर्षापासून पाठ होतं. पण न्हाणीघरात जायला पाय थरथरायचे ते थरथरायचेच. भीतीला नुसतं 'नाहीस' म्हटलं की ती जात नाही, मॅडम. तिला एकदा बसवून बघावं लागतं."

दादांना भूत फार आवडलं होतं. टेबलावरची डमी ते येता-जाता उघडायचे, भूत बघायचे आणि दार हळूच लावायचे.

आमची पद्धत अशी होती की लहान मुलांचं पुस्तक छापण्याआधी मी डमी घेऊन एखाद्या बालवाडीत जायची, पोरांना वाचून दाखवायची आणि परत येऊन एका पानाचा अहवाल लिहायची. त्या अहवालावर दादा निर्णय घ्यायचे. ही पद्धत मीच सुरू केली होती आणि तिचा मला भारी अभिमान.

शिवाजी पेठेतल्या एका बालवाडीत गेले. शेवंताबाई तिथल्या शिक्षिका. वीसेक पोरं सतरंजीवर बसलेली. नळ ठिबकला तेव्हा पोरं गप्प झाली. बादली सरकली तेव्हा एकमेकांना चिकटली. शिंक आली तेव्हा एकाने स्वतःच शिंकून घेतलं. आणि दार उघडल्यावर जो काय कल्ला झाला! "भ्यालंय! भूतच भ्यालंय!" मग प्रत्येकाला दार उघडायचं होतं. शेवंताबाईंनी रांग लावली. एकेक पोर यायचं, दार उघडायचं, भुताला "भ्याऊ नको" म्हणायचं आणि दार लावून जायचं.

मी घड्याळ बघितलं. मला परत ऑफिसात पोचायचं होतं. डमी मिटली आणि पिशवीत घातली. तेवढ्यात रांगेतली एक परकर घातलेली मुलगी भोकाड पसरून रडायला लागली.

ती का रडते हे मी विचारलं नाही. मला ठाऊकच होतं ना! वहीत लिहिलं, 'शेवटच्या पानावर मूल घाबरून रडले.' ऑफिसात आल्यावर त्याचा अहवाल केला. शिवाय एक सूचना ठोकून दिली, 'दाराआड भुताऐवजी परिचित प्राणी दाखवावा. उदा. मांजर.' ते 'उदा.' लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

दादांचं तोंड उतरलं. पण पोरांची पुस्तकं काढणारा माणूस. पोर घाबरून रडलं म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. रत्नप्रभाबाईंना मीच निरोप दिला.

"दादांचं म्हणणं आहे, मांजर हवं," मी म्हणाले. सूचना माझी, हे सांगितलं नाही.

"मांजर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं." आणि दोन दिवसांत मांजर आणून दिलं. चांगलं होतं मांजर. मांजरासारखं मांजर.

पुढच्या आठवड्यात शेवंताबाई ऑफिसात आल्या. पुस्तकाच्या पॉझिटिव्ह तयार झाल्या होत्या. पॉझिटिव्ह म्हणजे पानाची पारदर्शक फिल्म. तिच्यावरून प्लेट बनते आणि प्लेटवरून छपाई होते. प्लेट अजून बनली नव्हती. म्हणजे एक फिल्म बदलली असती तर काम झालं असतं.

"अवो मॅडम, ते भुताचं पुस्तक परत कवा आणतायसा?" शेवंताबाई दारातूनच बोलायला लागल्या. "ती परकरवाली पोरगी माझा जीव खातीया रोज."

"अजून घाबरते का?"

"घाबरतीया कुटली! तिचा नंबरच आला न्हाय की. तुम्ही पुस्तक मिटलासा, म्हून रडली ती. रोज इचारतीया, माझं दार कवा उघडायचं?"

दादा पलीकडच्या खोलीत होते. मधलं दार उघडं होतं. चार पावलं चालून "दादा, माझं चुकलं" एवढं म्हणायचं होतं.

मी शेवंताबाईंना चहा पाजला. म्हणाले, "आणते हं." आणि फिल्म प्लेटला पाठवून दिली. का? तर अहवालावर माझी सही होती. पद्धत माझी होती. ती खोटी ठरली तर बालविभागात उरलं काय, टेबल आणि कपाट!

पुस्तक छापून आलं. मी ते त्या बालवाडीत नेलं. तेवढी लाज होती. परकरवालीला पहिला नंबर दिला. तिने दार उघडलं, मांजर बघितलं आणि पुस्तकाच्या मागे काही आहे का तेही बघितलं.

"भूत कुटं गेलं?"

"आता मांजर आलंय. छान आहे ना?"

"मांजर आमच्यात हाय," ती म्हणाली आणि जाऊन बसली. रांग लागली नाही.

पुस्तक कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रत्नप्रभाबाईंनी पुन्हा काही दिलं नाही. मी दोनदा पत्र लिहिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, शाळेच्या कामातून वेळ होत नाही.

दादा गेले तेव्हा मी निवृत्त झाले होते. शोकसभेला बरेच चित्रकार आले. रत्नप्रभाबाई आल्या नाहीत. ते मला टोचलं. पत्ता काढून त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. रांग, घड्याळ, अहवाल, शेवंताबाई, चहा.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे दादांना भूत हवं होतं?"

"फार आवडलं होतं त्यांना. दार उघडून बघत बसायचे."

"मॅडम, ते मला रंकाळ्यावर भेटायचे हो. फिरायला यायचे. हात वर करायचे. मी मान फिरवून जायची. एकदा नाही, कितीदा तरी."

त्या उठून आत चहा टाकून आल्या.

"मला म्हणावंसं वाटतंय, जाऊ दे, झालं गेलं," त्या म्हणाल्या. "पण म्हणवत नाही. चहा घेऊन जा."

मी चहा घेतला. नाही कसं म्हणणार?

अजूनही कुणी कुणी लहान मुलांच्या पुस्तकाच्या डमी माझ्याकडे पाठवतात. मी जाते, वाचून दाखवते, एका पानाचा अहवाल लिहिते. घड्याळ घरी ठेवून जाते. पोर रडलं तर त्याच्याजवळ खाली बसते आणि का रडलं ते विचारते. सांगितलं तर त्याच्याच शब्दांत लिहिते. नाही सांगितलं तर लिहिते, 'मूल रडले. कारण मला माहीत नाही.' नव्या संपादकांना हे वाक्य आवडत नाही. ते विचारतात, यावरून आम्ही ठरवायचं काय? मी म्हणते, काहीच ठरवू नका, आणखी एकदा वाचून दाखवा.