तिचा बँड चर्चसमोर थांबला

कतारमध्ये, दोहाच्या अल दुहैल भागातल्या एका इंग्रजी शाळेत मी नर्स आहे. तिथं इतक्या वर्षांत माझी एकच खरी मैत्रीण झाली. ती संगीत शिकवायची. उत्तर आयर्लंडची, प्रॉटेस्टंट. मी वसईची कॅथलिक. आमच्याकडे प्रॉटेस्टंट म्हणजे फार तर दुसऱ्या चर्चला जाणारे लोक. त्यावरून कुणाचं भांडण होत असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

आई गेली तेव्हा मला वेळेत वसईला पोचता आलं नाही. मी इथल्याच चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, ठेवली. मैत्रीण न बोलावता आली आणि माझा हात धरून शेवटपर्यंत बसली. पुढं मारिया मातेच्या सणालाही आली. दोहात सगळी चर्च एकाच आवारात आहेत, मिरवणूक भिंतीच्या आतल्या आत फिरते. ती माझ्या शेजारून चालत होती.

"तुमच्यात ढोल नाहीत?" तिनं विचारलं.

"वसईत बँड असतो. इथं कशाला उगाच आवाज!"

"आमच्याकडे जुलैत प्रॉटेस्टंटांच्या मिरवणुका निघतात, नुसते ढोल आणि फ्लूट. शाळेत होते तेव्हापासून मी वाजवते. एकदा ये ना बघायला."

"इन्शाल्ला," मी म्हटलं, आणि दोघी हसलो.

गेल्या जुलैत ती सुट्टीवर गेली आणि तिकडून तिनं व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बघ, मी!' गणवेश, टोपी, ओठांना फ्लूट. मी कौतुकानं नवऱ्याला दाखवायला गेले. त्यानं आवाज वाढवला. बँड पुढं सरकत नव्हता. एकाच जागी उभा राहून तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत होता, भोवतीचे लोक उड्या मारत गात होते. बोल धड कळेनात. पण पोपचं नाव कळलं आणि त्याला जोडलेली शिवीही कळली. मागं चर्चचं दार होतं, दाराशी मातेचा पुतळा.

"अगं, हे तर आपलं, कॅथलिकांचं चर्च आहे," नवरा म्हणाला.

शाळा उघडल्यावर मी तो व्हिडिओ विज्ञानाच्या सरांना दाखवला. तेही तिच्याच शहरातले, पण कॅथलिक. रोज दोघं बरोबर चहा घ्यायचे. त्यांनी अर्धाच पाहिला आणि फोन परत दिला.

"ही आमची गल्ली. त्या दिवशी माझी आई खिडक्या लावून आत बसते."

"आणि तरी तुम्ही तिच्याबरोबर चहा पिता?"

"इथं पितो. घरी असतो तर आम्ही एकमेकांना ओळखही दाखवली नसती."

त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र तशीच संगीताच्या वर्गात गेले. ती मिठी मारायला पुढं आली. मी फोन समोर धरला.

"ते काय गात होते, तुला माहीत होतं?"

"मी गात नव्हते. वाजवत होते."

"चर्चसमोर थांबून?"

तिचा चेहरा लाल झाला. "अगं, ते तुझ्याबद्दल नाहीच. तू त्यांच्यातली नाहीस."

"मी कॅथलिक आहे."

"तू भारतीय आहेस. ते वेगळं."

आईसाठी मी जी प्रार्थना म्हटली, तीच त्या दाराच्या आत म्हणतात. ही शेजारी बसून ऐकत होती. मग तेव्हा तिला काय वाटलं असेल? लांबच्या देशातला एखादा रिवाज? तिनं मला शिवी दिली असती तर मी कडाकडा भांडले असते. पण तिनं मला शिवीतून वगळलं होतं, आणि वर ते प्रेमानं.

"पुढच्या वर्षी वाजवशील?" मी विचारलं.

"माझे वडील वाजवायचे, आजोबा वाजवायचे. नाही म्हटलं तर घरात मला कोण उभं करील?"

निदान खोटं बोलली नाही. त्यानंतर मी माझा डबा माझ्याच खोलीत खाऊ लागले. ती दोनदा दारापर्यंत आली; मी कामात असल्याचं सांगितलं.

या वर्षी ती दुबईच्या शाळेत गेली. निरोपाचं कार्ड फिरत फिरत माझ्याकडे आलं. विज्ञानाच्या सरांनी चांगली अर्धी बाजू भरली होती, थट्टामस्करीसकट. मी नुसती सही केली आणि कार्ड पुढं दिलं.