आत्याच्या पायाचं माप

आमचे बाबा कृत्रिम पाय बनवतात. गल्लीत सगळे त्यांना 'पायवाले' म्हणतात. या माणसाला जन्मात कधी राग आला नाही; तो सगळा माझ्या वाट्याला आलाय.

आत्या, त्यांची सख्खी धाकटी बहीण, त्यांचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. उरलेली मांडी ज्यात बसवतात ते सॉकेट तिला काही केल्या बसेना. दहा वेळा टोचलं, दहा वेळा बाबांनी हातानं साचा घासला. अकराव्यांदा बसलं! आत्या दुकानभर चालली, कुबड्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवल्या आणि म्हणाली, "दादा, यांना आता तूच सांभाळ." बारा वर्षं त्या तिथेच होत्या. ते माप बाबांनी कॉम्प्युटरात ठेवलं होतं.

गेल्या आठवड्यात सॉकेट तडकलं. चार तुकडे झाले, त्यातला एक रस्त्यावरच राहिला. "माप आहे की," बाबा म्हणाले. हल्ली त्यांचे हात थरथरतात, आणि मला तो घासण्याचा हात कधी आलाच नाही. पण माप असलं की साचा मशीन कापून देतं.

आणि मी शहाणी! 'अपग्रेड करा' म्हणून स्क्रीन रोज डोकं खायची, म्हणून नेमकं आदल्या दिवशी मी 'हो' करून बसले होते. बाबांचा जुना प्रोग्राम उघडला तो पांढरा पडून गप्प. दहा मिनिटं झाली. "मेलं हे," म्हणत मी बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. बाबा म्हणत होते, "थांब जरा." मी थांबते कसली! दोन दिवसांत वीसेक वेळा तरी बंद केला असेल.

शेवटी दुरुस्तीवाला आला. "ताई, अडकला नव्हता हो तो. जुनी मापं नव्या सिस्टिमसाठी बदलून घेत होता. दोन-तीन तास लागले असते. मध्येच तोडत गेलात, त्यात फाइलच गेली. दुसरीकडे कॉपी आहे?"

असती तर त्याला कशाला बोलावलं असतं?

"जाऊ दे गं," बाबा मला म्हणाले.

"एकदा तरी ओरडा की हो माझ्यावर!" मला रडूच फुटलं.

आत्या स्टुलावर बसली होती. बाबांनी नवं माप घ्यायला प्लास्टरची पट्टी भिजवली आणि तिच्या मांडीला गुंडाळायला घेतली. तीनदा ती हातातून खाली पडली. चौथ्यांदा आत्यानंच उचलून बादलीत टाकली.

"पुरे रे दादा." मग माझ्याकडे वळली. "त्या कुबड्या काढ गं खाली."

मी धूळ पुसायला फडकं शोधू लागले, तर म्हणाली, "राहू दे. तशाच दे."