विमान यायच्या आधीचा आवाज

आवाज मोजायच्या धंद्यात किस्से फार साठतात, कारण मीटर चालू असताना तोंड उघडायचं नसतं. समोर काय वाट्टेल ते घडो, हसायचंसुद्धा नाही. सगळं पोटात ठेवायचं आणि कामावरून परतताना गाडीत बाहेर काढायचं. माझ्या पोटातलं अजून संपलेलं नाही.

काम असं होतं. आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात विमानतळ करता येईल का, याची चाचपणी चालली होती. विमानांमुळं गोंगाट किती वाढेल हे सांगायचं, तर आज तिथं किती आवाज आहे ते आधी मोजून ठेवावं लागतं. आम्ही तिघं होतो. पुण्याच्या देवधर मॅडम, पारगावचा ड्रायव्हर बबनभाऊ आणि मीटर उचलणारा मी, नारायणगावचा.

* * *

पहिल्याच दिवशी आम्ही टोमॅटोच्या वावरात, बांधाच्या कडेला स्टँड उभा केला. वर मीटर, त्यावर काळ्या स्पंजचा गोळा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, जमिनीची मोजणी आली. तसंच झालं. बांधाच्या अलीकडून एक भाऊ आला, पलीकडून दुसरा. दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद.

"मोजणी कुणी बोलावली?" थोरल्यानं विचारलं.

"मी न्हाई. तूच बोलावली आसशील," धाकटा म्हणाला.

मी ओठावर बोट ठेवलं. थोरल्याला वाटलं, मी त्यालाच गप्प बसवतोय, म्हणजे धाकट्याचा माणूस. मग जे भांडण पेटलं ते थेट आज्यापर्यंत गेलं. मीटरचा आकडा चढतच होता. शेवटी मॅडमनी मीटर बंद केलं आणि म्हणाल्या, "अहो, आम्ही जमीन नाही, आवाज मोजतोय."

दोघांनी वाकून मीटरचा आकडा बघितला. मग धाकट्यानं हळूच विचारलं, "मंग जास्त कुणाचा भरला?"

* * *

डिंभ्याच्या धरणाजवळच्या एका वाडीत आम्ही येणार असल्याचा निरोप आधीच पोचला होता. गेलो तर सगळं चिडीचूप. गिरणी बंद, कुत्री कुठंतरी लांब नेऊन बांधलेली. एक गडी मोटरसायकल हातानं ढकलत नेत होता. वाडीतले एक आजोबा पुढं आले आणि मॅडमच्या कानाशी कुजबुजले, "समदी तयारी झालीया."

"आजोबा, आम्हाला रोजचा आवाज हवाय," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना नेहमीसारखं वागू द्या."

आजोबांनी मान डोलावली आणि मागं वळून हाळी दिली, "आरं, न्हेमीसारखं करा!"

गिरणी सुरू झाली. ट्रॅक्टर सुरू झाला. देवळातला भोंगा लागला. कुणीतरी लग्नातला बेंजोसुद्धा बाहेर काढला. मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले. आजोबा काळजीनं जवळ आले.

"कमी पडतंय का?"

* * *

पुढं बबनभाऊनं घोटाळा केला. आज गाव शांत असेल तर विमानाचा गोंगाट अहवालात मोठा दिसणार आणि आजच गोंगाट असेल तर वाढ थोडीच दिसणार, हे त्यानं मॅडमच्या तोंडून ऐकलं होतं. ते त्यानं पारगावात चहाच्या टपरीवर सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिथं मीटर लावलं, तर उसाचा एक ट्रॅक्टर डेकवर गाणी लावून आमच्यासमोरून येरझाऱ्या घालतोय. ट्रॉली रिकामीच. चालवणारा बबनभाऊचा सख्खा मेहुणा. त्याला विमानतळ पाहिजे होता. बबनभाऊ रस्त्यात आडवा उभा राहिला.

"बंद कर ते."

"दाजी, तुमीच तर सांगितलं व्हतं."

"सांगितलं, ते कुणी वाजवू नये म्हनून."

मेहुण्यानं गाणं बंद केलं, पण ट्रॅक्टर हलवला नाही. शेवटी आम्हीच मीटर उचललं. परतताना नारायणगाव आल्यावर बबनभाऊ म्हणाला, "राव, माझा ऊस तितंच हाये. धावपट्टीच्या मधोमध."

मॅडम मागून म्हणाल्या, "भाऊ, उद्या आपण तुमच्या वावरावरून नको, दुसऱ्या रस्त्यानं जाऊ."

* * *

विमानतळाला आवाजाइतकीच पाखरांचीही काळजी असते. इंजिनात पाखरू गेलं तर विमान धोक्यात. म्हणून मॅडम एका द्राक्षबागायतदाराकडं परिसरातल्या पक्ष्यांची चौकशी करत होत्या. त्या काकांनी अख्ख्या बागेवर जाळी आणि चमकत्या पट्ट्या लावलेल्या.

"तुमी पाखरांचं काय करता?" त्यांनी उलट विचारलं.

"फटाके, भोंगे लावून विमानतळावरून हाकलतात."

"हाकलून जात्यात कुटं?"

"बाहेर. आजूबाजूच्या शेतात."

काकांनी बागेवरच्या जाळीकडं हात केला. "मंग मी हितनं हाकलनार. म्हंजी पाखरू दिसभर हवेत. आन तुमचं इमान बी हवेतच."

* * *

शेवटी गावकऱ्यांची बैठक झाली, नारायणगावात एका मंगल कार्यालयात. आकडे सांगून लोकांना काही कळत नाही, त्यापेक्षा आवाजच ऐकवू, असं मॅडमनी ठरवलं. मोठे स्पीकर लावले. डोक्यावरून उतरणाऱ्या विमानाचा आवाज, प्रत्यक्षात येईल तेवढाच.

मॅडमनी रिमोटचं बटण दाबलं. पत्रे थरथरले. पुढच्या रांगेत एक तान्हं बाळ रडायला लागलं. मॅडमनी आवाज बंद केला आणि म्हणाल्या, "एवढाच असेल. आणि थोडाच वेळ."

मग शेवंताबाई उठली. मेंढरांमागं आयुष्य काढलेली म्हातारी, मुक्काम धरणाच्या वरच्या अंगाला. सावकाश चालत ती मॅडमपुढं येऊन उभी राहिली.

"बाई, आता बंद कसं केलंस?"

"या बटणानं, मावशी."

"दाव."

मॅडमनी रिमोट तिच्या हातात दिला. शेवंताबाईनं बटण दाबलं. विमान आलं. परत दाबलं. विमान थांबलं. तिनं पुन्हा एकदा आणून बघितलं, पुन्हा थांबवून बघितलं.

"हां," ती म्हणाली, "आसं आसंल तर आमचं काय म्हननं न्हाई."

तिनं रिमोट पिशवीत टाकला आणि जागेवर जाऊन बसली. परत मागायला कुणी उठलं नाही.