पातेल्यावरचं खोडलेलं नाव

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला कल्याणचं ते भांड्यांचं दुकान आठवतं. तिथे मी मशीनने भांड्यांवर नावं घालायचो. शेठनी आमच्या चाळीला लग्नकार्यांसाठी मोठी पातेली अशीच देऊन टाकली आणि मी, न विचारता, प्रत्येकावर त्यांचं ठळक नाव घालून शाबासकीची वाट बघत बसलो. "अरे शहाण्या, पाहुण्यांनी माझं नाव वाचलं तर मुलीच्या बापाने मान खाली घालायची का?" म्हणत त्यांनी मशीन हिसकावलं, स्वतः प्रत्येक पातेल्यावरचं नाव खोडलं आणि खाली 'आपलं' एवढंच कोरलं. परवा माझ्या मुलीच्या लग्नात त्यातलंच एक पातेलं आलं. व्याह्यांनी विचारलं, "हे नाव कोणी खोडलं हो?" मी छाती फुगवून म्हटलं, "ज्यांचं होतं, त्यांनीच!"